गोदरीवरचा गुलाब

आमच्या गल्लीतल्या बायांना माझ्या पोटाची खबर माझ्या नवऱ्याच्या आधी लागायची. त्यात त्यांचा काय दोष न्हाई. गावाच्या मागं बाभळीचं रान होतं, तिथं बायांची गोदरी, म्हणजे परसाकडं बसायची जागा. उजाडायच्या आत समद्या आपापलं डबडं घेऊन निघायच्या. कोण बसलं, कोण उठलं, कोण नुसतंच बसून परत आलं, हे समद्यांना ठाऊक. दिवसभर सासवांच्या धाकात राहणाऱ्या आमी सुना, आमचं मोकळं बोलणं काय ते तिथंच व्हायचं. कोणाचं लग्न मोडलं, कोणाला दिवस गेले, समद्या बातम्या आधी गोदरीवर फुटायच्या, मंग गावात यायच्या.

त्या साली बातमी मी होते.

"झालं का गं?" शेजारची काकी बाभळीच्या पल्याडून ओरडायची. ही काकी म्हणजे गोदरीची सरपंच. कोणी कुठं बसायचं हे तीच ठरवायची.

"न्हाई वो काकी."

"जोर लाव की मंग!"

"जोर लावू नको म्हणलंय डॉक्टरनं."

"मंग त्याला काय अक्षत द्यायची का, या म्हून?"

अन् समद्या रानात हसू उठायचं. मी बी हसायची. पण माझं हसू तोंडातच राहायचं, कारण पोटात भ्या बसलं होतं.

झालं काय होतं, माझं ऑपरेशन झालं होतं. पोरगी झाल्यावर माझं अंग असं सुटलं का चोळ्या उसवून उसवून सुई थकली. हापशावरून घागर आणायची तर मधी देवळाच्या पायरीवर बसावं लागायचं. पोरगी कडेवर घेतली का माझी छाती भात्यासारखी वर-खाली. झोपेत बी श्वास अडायचा, हे मला हलवून उठवायचे. मला वाटायचं, एखाद्या सकाळी यांनी हलवलं आन् मी उठलेच न्हाई तर? नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, ह्या वजनानं बाई जाईल. माझा धाकला भाऊ हैदराबादला मोठ्या दवाखान्यात वॉर्डबॉय होता. त्यानं तिथल्या मोठ्या डॉक्टरचे पाय धरले आन् माझं काम केलं. पोटातली जेवणाची पिशवी कापून बारीक केली.

"ताई, आता तुझं पोट केळाएवढं झालं," भाऊ म्हणला.

मी शुद्धीवर आल्यावर पहिलं हेच इचारलं, "वेलची केळं का मोठं?"

गावात जवा कळलं का वजन उतरायला पोट कापलं, तवा काकी म्हणली, "आगं, इथं माझ्या घरी सून म्हून आली असतीस तर फुकटात वाळली असतीस."

महिन्याच्या वर मी हैदराबादेत होते. परत आले तर माझी पोरगी माझ्याजवळ येईना. नुकतीच चालायला लागली होती. मी हात पुढं केले तर ती पळाली आन् माझ्या सासूच्या पदरात शिरली, आन् सासूला म्हणली, "आई." तिला कोणी शिकवलं नव्हतं. सासूनंच तिला म्हणलं, "मी न्हाई गं, ती आई." तर तिनं मुंडी हलवून न्हाई म्हणलं.

त्यात भाऊ सोडून जाताना म्हणून गेला, "ताई, पोट साफ होत न्हाई असं झालं तर लपवू नको. मी सुट्टी काढून दहा-बारा दिवसांनी, सोमवारी येतो. तवापस्तोर झालं न्हाई तर तुला परत नेऊन भरती करावं लागंल, बघतील काय अडलंय ते."

तो म्हणला 'बघतील'. मी ऐकलं 'फाडतील'. आन् पुन्हा महिनाभर पोरगी सोडून गेले तर ती मला पाहुणी समजंल, हे तर मला कोणी सांगायची गरजच नव्हती. म्हणजे सोमवारच्या आत व्हायलाच पायजे होतं.

आन् आमच्या घरात तर उलटंच चाललं होतं.

सासूला आमी मामी म्हणतो. मामीचा हिशेब सरळ होता. पोट उघडलं म्हणजे बाई बाळंतीण. लेकरू निघालं का दुसरं काही निघालं, त्यानं काय फरक पडतो? तिनं मला बाजेवर घातलं, डोक्याला फडकं बांधलं, बाजेखाली शेगडी ठेवली, ओवा-शेपाची धुरी दिली. आन् डिंकाचे लाडू केले. डिंक, खारीक, खोबरं, गूळ, तूप, एकेक लाडू लेकराच्या मुठीएवढा. आन् बाळंतिणीला पाणी द्यायचं न्हाई, पोट सुटतं. उकळलेलं ओव्याचं पाणी, तेबी वाटीभर, सकाळ-संध्याकाळ.

मला दवाखान्यात सांगितलं होतं समदं. पाणी घोट घोट करून दिवसभर प्यायचं, जेवताना मातर प्यायचं न्हाई, जेवणाच्या आधी-मागं थोडा येळ सोडायचा. मुगाचं कढण, दही, शिजवलेलं अंडं, मऊ भाजी, असं चमचा चमचा. गोड न्हाई. पण सांगू कसं? मी सातवीत शाळा सोडलेली, हैदराबादची गोष्ट घरात बोलायला लागले का मला माझीच जीभ जड वाटायची. आन् माझी आई मी ल्हान असतानाच गेली. माझ्या डोक्याला असं फडकं बांधणारं दुसरं कोणी नव्हतंच. लाडू पुढं केला का मामीचं तोंड असं उजळायचं का न्हाई म्हणणं म्हणजे पाप.

पहिला लाडू मी खाल्ला. म्हणजे कोपरा खाल्ला. तो गळ्याच्या खाली जाऊन बसला आन् तिथंच ठिय्या मारला. थोड्या येळानं मला दरदरून घाम, छाती धडधड, डोळ्यापुढं काजवे.

मामी म्हणली, "बघ, लागून राहिला अंगाला. घाम आला."

दुसऱ्या लाडवापासून मी अक्कल चालवली. माझा सासरा, त्यांना आमी मामा म्हणतो, लई गोडखाऊ. मामी त्यांना गुळाचा खडा बी देत नव्हती. मी लाडू बाजेच्या पायाशी वाकळेखाली सरकवून द्यायची. मामा येऊन खाकरायचे.

"सूनबाई, माझी काडेपेटी इकडं पडली काय वो?"

"असंल मामा, वाकळेखाली बघा."

मामा वाकळेखालून काडेपेटी घेऊन जायचे. काडेपेटीला तुपाचा वास यायचा. दिवसातून कितीदा त्यांची काडेपेटी हरवायची, त्याला गणती न्हाई. कधी कधी तर पोरीला कडेवर घेऊन यायचे, आन् बाहीर जाताना पोरीच्या बी गालाला खोबरं चिकटलेलं असायचं.

थोड्या दिवसांनी मामी अंगणात उभी राहून आमच्या दोघांकडं बघून राहिली. म्हणली, "बाई गं! बाळंतीण वाळून राहिली आन् म्हातारा फुगून राहिला, हे कसं काय?"

मामांनी बैलाकडं बघितलं. मी छताकडं.

लाडू माझ्या पोटात जात नव्हते, पण पाणी बी जात नव्हतं. वरून रक्त वाढायच्या लोखंडाच्या गोळ्या. पोट दगड. मी गोदरीवर जायची, बसायची, काकीच्या शिव्या खायची, परत यायची. तुमी म्हणाल, घरी संडास नव्हता काय? होता की. योजनेतला, पत्र्याचं दार असलेला. त्यात कांदे होते. मामा म्हणायचे, एवढी हवेशीर जागा गावात दुसरी न्हाई.

आमच्यात मोबाईल एकच, तो यांच्याजवळ. हे हिंगोली ते कनेरगाव नाका काळी-पिवळी जीप चालवायचे. हैदराबादच्या दवाखान्यातली सिस्टर माझी चौकशी करायला फोन करायची तो यांना जीपमधी जायचा. एक दिवस नाक्यावर जीप गच्च भरलेली, टपावर बी माणसं, आन् फोन आला. इंजिनाच्या आवाजात ऐकू येईना म्हून यांनी तो मोठ्या आवाजावर टाकला.

"क्या भय्या, बहन का पेट साफ हुआ क्या?"

"न्हाई झालं अजून!" हे ओरडले.

सगळी जीप यांच्याकडं वळली. मंग एका म्हातारीनं इचारलं, "कोणाचं रे लेकरा?" आन् झालं. नाक्यापासून हिंगोलीपस्तोर जीपमधी माझ्याच पोटाची बैठक. एक म्हणला गरम दुधात तूप. एक म्हणला एरंडेल, डोळे मिटून. एकीनं पिशवीतली पपईच काढून दिली. टपावरचा एक माणूस खाली वाकून खिडकीतून म्हणला, "आमच्या म्हशीला झालं होतं तवा आमी..." यांनी जीपचा वेग वाढवला.

संध्याकाळी हे पपई आन् एरंडेलाची बाटली घेऊन आले. मामी बाटली बघून खूश. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला, सिस्टर. यांनी फोन मोठ्या आवाजावरच माझ्या हाती दिला, तर मधीच मामीनं ओढून घेतला.

"मी सासू बोलून राहिले. काय पायजे?"

"अम्मा, बहू को क्या खिला रे आप?"

मामी छाती काढून म्हणली, "डिंकाचे लाडू!"

तिकडून सिस्टर अशी ओरडली का मोबाईल मामीच्या हातात थरथरला. "लड्डू? लड्डू कौन बोला? अम्मा, ये जच्चा नहीं है! बच्चा नहीं हुआ इसको! पेट छोटा किये हैं! पानी कितना देरे?"

"वाटीभर. ओव्याचं."

"दिनभर में?"

"दोनदा."

तिकडं काहीतरी खाली आदळलं. मला वाटलं सिस्टर पडली. मंग ती हळू आवाजात म्हणली, "अम्मा, पानी दो. घूंट-घूंट, सुबह से शाम तक. इसको खाट से उठाओ, चलाओ. मूंग, दही, अंडा, नरम सब्जी. वो तेल-बिल कुछ नहीं. मैं डॉक्टर साब को पूछ के इसबगोल का बताती, उतनाच देना. लोहे की गोली बंद नहीं करना. और पेट में दुखा, उल्टी हुई, तो रुकना नहीं, लेके आना."

मामीनं फोन ठेवला. यांनी एरंडेलाची बाटली गपचूप जीपमधी नेऊन ठेवली. मामी बाजेवर बसली. लई दुखावली होती. "तिला किती लेकरं झाली, इचार," एवढंच म्हणली. मंग जरा इचार करून माझ्याकडं वळली.

"तिनं लाडू बंद म्हणलं. पण माझा डबा तर संपत आला. तू वाळून राहिली. मंग लाडू गेले कुठं?"

मामा उठले आन् बैलाला पाणी दावायला गेले. बैलाला नुकतंच पाणी दावलेलं होतं.

मामी उठून आत गेली, माझ्या डोक्याचं फडकं सोडवून न्यायला परत आली, शेगडी उचलली, आन् जाताना पाण्याचा तांब्या माझ्या उशाशी आदळला. आदळलाच, ठेवला न्हाई. पण भरलेला होता.

आता पाणी प्यायचं तर याद राहिना. इतके दिवस तहान मारून मारून तहानच गेली होती. एकदम प्यायले का छाती भरून यायची. मंग मी एक खेळ काढला. मामीला सवय, दर गोष्टीला "बाई गं!" म्हणायची. दूध उतू गेलं, बाई गं. मांजर आलं, बाई गं. मामा दिसले, बाई गं. मी ठरवलं, मामीनं बाई गं म्हणलं का आपण एक घोट घ्यायचा. मामीचं तोंड म्हणजे असं चालतं का दुपारपस्तोर माझा तांब्या निम्मा व्हायचा.

दोन-तीन दिवस हे चाललं. मंग मामीच्या ध्यानात आलं. ती चुलीपुढं भाकरी थापून राहिली होती, हाताला चटका बसला, "बाई गं!" म्हणली आन् वळून बघितलं तर माझ्या तोंडाला पेला. तिनं डोळे बारीक केले. काही नसताना पुन्हा म्हणली, "बाई गं." मी घोट घेतला.

"मला नादी लावून राहिलीस व्हय गं, भवाने?"

"न्हाई वो मामी."

"बाई गं!"

घोट.

मामी तोंडाला पदर लावून हसली. त्या दिवसापासून ती अंगणातून, गोठ्यातून, शेजारच्या ओट्यावरून, कुठूनबी हाक मारल्यासारखं "बाई गं!" ओरडायची, काही झालेलं नसताना. शेजारपाजारच्या बाया धावत यायच्या, काय झालं म्हून. काही न्हाई, सुनेला पाणी पाजून राहिले. माझी पोरगी बी शिकली. पेल्याकडं बोट दावून "बा गं, बा गं" करायची, आन् मी प्यायले का टाळ्या वाजवायची. अजून जवळ येत नव्हती, पण टाळ्या वाजवायची.

सिस्टरनं सांगितलं तेवढंच इसबगोल, पपईची फोड कुसकरून, मुगाचं कढण, आन् मी गल्लीत ह्या टोकाहून त्या टोकाला फिरायची. तरीबी पोट काही हलेना. रविवार आला. सोमवारी भाऊ येणार. माझी कापडाची पिशवी खुंटीला होती, ती बघितली का माझ्या पोटात गोळा उठायचा, पण पायजे तो न्हाई.

रविवारी अंधारात मी डबडं घेऊन निघाले. समद्या बसल्या. काकी म्हणली, "आज शेवटची गाडी हाय गं, चुकवू नको." आन् तुमाला खरं सांगते, तवाच पोटात काहीतरी सरकलं. मी श्वास धरला. जोर न्हाई लावला, नुसती बसून राहिले, देवाचं नाव घ्यायला बी भ्याले, का देव बघंल आन् लाजंल.

आन् तेवढ्यात शिट्टी वाजली.

पथक! त्या दिवसात पंचायतीचं पथक फिरायचं, गोदरीवर बसणाऱ्यांना पकडून गुलाबाचं फूल द्यायचं, लाज वाटावी म्हून. आमच्या गावात कधी आलं नव्हतं. बाया अशा उठल्या का रानातून तितर उडावेत. डबडी वाजली, चपला राहिल्या. गुडघेदुखीनं लंगडणारी काकी समद्यात पुढं पळाली.

मी उठले न्हाई.

पथकातली एक बाई बाभळीच्या पल्याड येऊन थांबली. "उठा ताई."

"न्हाई उठत."

"अहो उठा, मागं साहेब येऊन राहिलेत."

"बाई, सायब येऊ द्या, कलेक्टर येऊ द्या, मी उठत न्हाई, माझं पोट कापलंय वो, केळाएवढं केलंय, हैदराबादला, सासूनं लाडू घातले, पाणी दिलं न्हाई, माझं किती दिसापासून झालं न्हाई, उद्या माझा भाऊ येणार, झालं न्हाई तर मला परत नेऊन भरती करतील, पुन्हा फाडतील, आन् माझी पोरगी मला आई म्हणत न्हाई वो, आता कुठं टाळ्या वाजवायला लागली, मी पुन्हा गेले तर ती मला वळखायची न्हाई, आन् आता, आत्ताच, जरा सरकून राहिलंय, तुमच्या पाया पडते, दंड लावा, फोटो काढा, पण मला उठवू नका!"

बोलता बोलता माझा दम संपला. मंग ती बाई पाठ करून उभी राहिली आन् रस्त्याकडं ओरडली, "सर, तिकडंच थांबा! इकडं कोणी येऊ नका!"

"काय झालं?" तिकडून पुरुषाचा आवाज.

"अडचण आहे!"

ती तशीच पाठमोरी उभी राहिली, पहारा दिल्यावाणी. उजाडून राहिलं होतं. दूर रस्त्यावर एखादी जीप गेली. जरा येळानं ती बी आमच्या काकीसारखंच म्हणली, "झालं का?"

मला रडू आलं. "व्हय बाई. झालं."

"बरं झालं बाई," ती म्हणली. आन् खरंच तिच्या आवाजात मोकळं वाटलं, तिचंच झाल्यावाणी. मंग तिला तिची नोकरी याद आली. मी उठून जवळ गेले तर तिनं पिशवीतून फूल काढलं आन् तोंड कडक करून म्हणली, "हे घ्या. आणि उद्यापासून घरच्या संडासात बसायचं."

"त्यात कांदे हायेत."

"कांदे काढा!"

परत येताना रस्त्यानं बाया भिंतीच्या आडोशानं चालल्या होत्या. रस्त्यावर सापडून ज्यांना फूल मिळालं त्यांनी ते पदराखाली लपवलेलं. मी माझं अंबाड्यात खोचलं. काकी वळून बघून राहिली.

"आगं, ते लाजायसाठी देतात, मिरवायसाठी न्हाई."

"काकी, मला तर बक्षीस वाटून राहिलं."

मामी दारात उभी होती. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, डोक्यातल्या फुलाकडं बघितलं, हातातल्या रिकाम्या डबड्याकडं बघितलं. असा आवाज काढला का गल्लीतली कुत्री भुंकली.

"बाई गं!"

आन् पळत जाऊन पाण्याचा पेला तीच घेऊन आली.

मामांनी त्याच दुपारी कांदे बाहीर काढले, कोणी न सांगता. लाडवाचं प्रायश्चित्त असंल. मी पथकाच्या बाईचं ऐकलं, पण पहिल्या दिवशी त्या पत्र्याच्या दाराआड मला लई एकटं वाटलं. काकी बाहीर येऊन उभी राहिली आन् सवयीनं ओरडली, "झालं का गं?" तवा कुठं जमलं.

सोमवारी भाऊ आला. मला न्यायच्या तयारीनंच आला होता. मामीनं त्याला ओट्यावर बसवून समदं सांगितलं, हातवारे करून, पथकाची शिट्टी बी वाजवून दावली. तो हसून हसून आडवा झाला. मामीनं उरलेले लाडू डब्यासकट त्याला दिले, घरात कोणी खाणारं राहिलं न्हाई म्हून. पुढं काय झालं ते त्यानं कधी सांगितलं न्हाई, पण हैदराबादला गेल्यावर फोन करून इसबगोलाचं माप मातर इचारलं.

तो जायला उठला, गंमत म्हून खुंटीवरची माझी पिशवी खांद्याला लावली आन् माझा हात धरून ओढला, "चल ताई, जाऊ." माझी पोरगी अंगणात पथकाच्या गुलाबाच्या पाकळ्या तोडत बसली होती. तिनं पिशवी बघितली. मागच्या खेपेला हीच पिशवी मला घेऊन गेली होती, तिच्या ध्यानात असंल का नसंल, मला ठाऊक न्हाई. ती उठली, धडपडत आली, मामीच्या पुढून आली, मामीचा पदर टाळून आली, आन् माझ्या मांडीला दोन्ही हातानं मिठी मारली. भावाकडं बघून मुंडी हलवली, न्हाई.

मी तिला उचललं. कडेवर घेतलं. छाती वर-खाली झाली न्हाई.

मामी दाराच्या चौकटीला टेकून बघत होती.

"बाई गं," ती हळूच म्हणली.

पेला जवळ नव्हता. पोरीनंच बोट दावलं, "बा गं," आन् मी तिला कडेवर घेऊनच तांब्याकडं गेले.